बागेचा आराखडा गाळ काढणाऱ्याला विचारून काढा

कुर्ल्याच्या आमच्या जुन्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मसाल्याच्या डब्यांच्या फळीच्याही वर एक आडवी काळपट रेघ होती. २६ जुलै २००५ च्या पाण्याची. बाबांनी ती कुणाला पुसू दिली नाही. शेजारी खिळ्याने तारीख कोरली, आणि पुढे रंगकाम निघालं तेव्हा रंगाऱ्याकडून तेवढी वीतभर पट्टी सोडवून घेतली. आई वैतागायची, "आल्यागेल्याला काय ती घाण दाखवायची?" बऱ्याच वर्षांनी त्याच रेघेवरून मी एका बागेची लेव्हल काढली. ते कसं, ते पुढे येईलच.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा, काम साइट सुपरवायझरचं. तीसेक वर्षं बागा, मैदानं आणि नाल्याकाठची कामं यातच गेली. हल्ली मंडळाची पोरं, सोसायट्यांचे सेक्रेटरी, नुकते पास झालेले आर्किटेक्ट विचारत येतात, "ताई, मागच्या नाल्याचं काहीतरी करायचंय, काठाला बागही हवी आहे. सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

सुरुवात शेवटापासून करा. ऑगस्टमधली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. रात्री नाल्याचं पाणी बागेत शिरलं, पहाटे ओहोटीबरोबर उतरलं. आता घोट्याएवढा काळा गाळ आहे, फांद्यांना पिशव्या लोंबताहेत, बाकाखाली थर्माकोल अडकलाय आणि फाटकाशी दोन माळी फावडं घेऊन उभे आहेत. त्या दोघांना संध्याकाळच्या फेरफटक्याआधी बाग धुऊन उघडता आली, तर तुमचा आराखडा पास. आठ दिवस लागणार असतील, तर कागदावर तो कितीही देखणा असो, परत काढा. पुढचं सगळं या एकाच हिशेबाने सांगणार आहे.

आधी टँकरचा हिशेब

"बाग झाली की आमच्याकडे पाणी भरणार नाही ना?" हा पहिल्या सभेतला पहिला प्रश्न. 'नाही भरणार' असं उत्तर चुकूनही देऊ नका.

हिशेब सोपा आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला, तर ते पाणी होतं सुमारे दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर, एका तासात. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर धरून बांधलेली. ती ५० वर न्यायची शिफारस करणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालचा. आणि २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत पडला ९४४ मिलिमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र शंभरही नाही. म्हणजे मुंबईचा पाऊस म्हणून एकच आकडा धरायचा नाही. आपल्या नाल्याचं पाणलोट कुठून सुरू होतं ते नकाशावर बोटाने फिरून बघायचं आणि तिथला पाऊस धरायचा.

आता बाग काय करू शकते? समजा, ४० बाय ६० मीटरचं मैदान तुम्ही आजूबाजूपेक्षा ६० सेंटिमीटर खोल ठेवलं. त्यात मावतं १,४४० घनमीटर पाणी, म्हणजे १४४ टँकर. ऐकायला भारी वाटतं. पण मागे दहा हेक्टर वस्ती असेल, सगळी पत्रा आणि काँक्रीट, तर ५० मिलिमीटरच्या पावसात, थोडं इकडेतिकडे अडलं-मुरलं धरूनही, तिथून तासाला चाळीस लाख लिटर सुटतं. सगळं पाणी मैदानात सोडलंत तर ते वीस-बावीस मिनिटांत काठोकाठ.

इथेच खरी युक्ती आहे. सगळं पाणी मैदानात घ्यायचंच नाही. नाला २५ मिलिमीटरपर्यंतचं वाहून नेतोय ना? नेऊ दे. त्याच्या वरचं जे उसळेल तेवढंच आत घ्यायचं. मग तेच मैदान चाळीस मिनिटांहून जास्त पुरतं. मुंबईतली बरीचशी तुंबातुंबी एखाद्या जोरदार सरीत, भरती असताना, तासा-दोन तासांत होते. तिथे चाळीस मिनिटं म्हणजे तळमजल्यावरच्या बाईला गॅसची शेगडी आणि मुलांची दप्तरं माळ्यावर चढवायला मिळालेला वेळ. सभेत एवढंच सांगा. लोकांना ते कळतं.

दादर-परळकडे हाच विचार जमिनीखाली केलाय. हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी साठवायला सेंट झेवियर्स मैदान आणि प्रमोद महाजन कला पार्क यांच्या खाली टाक्या बांधल्या. तिथे पंप आहेत, वीज आहे, पैसा आहे. आपल्या मंडळाच्या तुकड्याला उघडं खोलगट मैदानच बरं. काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं.

रेघा गोळा करणे

पूररेषेचा सरकारी नकाशा मिळाला तर घ्या. पण घरोघरी फिरल्याशिवाय काम सुरू करू नका. आणि फिरायचं दुपारी, बायका घरी असतात तेव्हा. पुरुष हात छातीशी धरून सांगतात, "इथपर्यंत पाणी होतं." बाई सांगते, "मीटरच्या खालच्या स्क्रूपर्यंत," नाहीतर "देव्हाऱ्याची दुसरी पायरी." मला स्क्रू लागतो, छाती नको.

खूण मिळाली की ती बागेपर्यंत न्यायची. महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, वीसेक मीटर लांब. पाणी भरा आणि आत बुडबुडा राहिला नाही ना, ते नीट बघा. एक टोक भिंतीवरच्या खुणेला, दुसरं गल्लीतल्या खांबाला. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं. खांबावर खडूने रेघ. तिथून पुढचा खांब. आम्ही आमच्या खोलीतल्या रेघेपासून नाल्याच्या कठड्यापर्यंत अकरा टप्प्यांत आलो. नळीचं दुसरं टोक धरायला गल्लीतला एक सातवीतला मुलगा होता, आणि शेवटच्या खांबावर रेघ त्याच्या डोक्यावरून गेली तेव्हा तो एकदम गप्प झाला. त्याला पूर म्हणजे मोबाइलवर बघायची गोष्ट वाटत होती.

तीन रेघा हव्यात. दरवर्षी येणारं पाणी, चार-पाच वर्षांनी येणारं, आणि २००५ चं. बागेतली प्रत्येक वस्तू या तीनपैकी कुठल्या रेघेच्या वर बसवायची, ते आधीच ठरवून टाका.

सोबत भरतीचं कोष्टक ठेवा. माहीम, बीकेसी ते अगदी कुर्ल्याच्या बाजूपर्यंत मिठी नदीत समुद्राचं पाणी आत येतं. पावसाळ्यातल्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या पुढे गेली की नाल्याच्या तोंडाशी पाण्याचीच भिंत उभी राहते. तुमचं पाणी जाणार कुठे? पुढची ओहोटी यायला साधारण सहा तास. आरे, मरोळ, पवईकडे हा त्रास नाही. तिथे उतार आहे, खाली कातळ आहे, पाणी धावतं आणि काठ खरवडून नेतं. एकाच मिठीच्या १७.८ किलोमीटरमध्ये दोन वेगळ्या नद्या आहेत असं समजा. विहार तलाव १८६० सालचा, पवई १८९१ चा. त्यांचा सांडवा वाहिला की वरच्या अंगाला वेग, खालच्या अंगाला फुगवटा. वरची युक्ती खाली चालत नाही.

आणखी एक चाचणी, जी सगळे चुकीच्या महिन्यात करतात. पाणी जमिनीत मुरतं का हे बघायला हातभर खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, किती वेळात उतरतं ते मोजायचं. मार्चमध्ये ते तासाभरात गायब होतं आणि सगळे खूश होऊन शोषखड्डे काढतात. तोच खड्डा जुलैच्या शेवटी बघा. आमच्या साइटवर तो न ओतताच भरलेला होता, खालून. चिकणमाती, आणि भूजल जमिनीला टेकलेलं. अशा ठिकाणी शोषखड्डा म्हणजे ठेकेदाराची दिवाळी. सखल भागात पाणी मुरवायचा नाद सोडा, साठवून सावकाश सोडायचं बघा.

सांडपाणी सोडवल्याशिवाय रोप लावायचं नाही

हा भाग रुक्ष आहे, फोटो निघत नाहीत, म्हणून सगळे तो शेवटी ठेवतात. माझी पहिली नाल्याकाठची बाग अशीच गेली. भिंतीवर मासे आणि कमळं रंगवली, लाकडी डेक टाकला, पाम लावले, मे महिन्यात फीत कापली. वरून येणारा मैला तसाच चालू. जूनमध्ये वासाने माणूस फिरकेना, जुलैत डेक वाहून गेला, आणि त्याच्या फळ्या पुढच्या पुलाच्या कमानीत अडकून पाणी आणखी तुंबलं. काम कुणाचं होतं ते सोडा. सुपरवायझर म्हणून माझी सही होती.

तेव्हा करायचं काय? फेब्रुवारी ते एप्रिल, पाऊस अजिबात नसताना, नाल्याकाठाने चालत जा. या दिवसांत नाल्यात जे वाहतंय ते पावसाचं नाही, घराघरांतलं आहे. प्रत्येक पाइपाच्या तोंडाला नंबर द्या, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ अशा तीन वेळा बघा. फेस म्हणजे न्हाणीघर-मोरी, काळं म्हणजे शौचालय, रंगीत किंवा तेलकट म्हणजे गाळ्यातला कारखाना. दहिसर नदीकडे वरच्या अंगाला तबेले होते, तिथे शेणाचा हिरवा लोंढा यायचा. ओळखायला वेळ लागत नाही.

काठालगत एक अडवणारी वाहिनी टाकून हे कोरड्या दिवसांतलं पाणी मलवाहिनीत न्यायचं, हा खरा इलाज. तो मंडळाच्या आवाक्यातला नाही. वॉर्ड ऑफिसात अर्ज, पाठपुरावा, नगरसेवकाच्या चकरा हे आलंच. तुमची नंबर घातलेली यादी हातात असेल तर चकरा निम्म्या होतात, कारण समोरच्या इंजिनीअरचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं.

कुणीतरी सुचवतंच, "कर्दळ लावू, झाडं पाणी साफ करतील." करतात, खोटं नाही. खडीच्या वाफ्यातून पाणी सावकाश नेलं तर कर्दळ, वेखंड, पाणकणीस छान काम करतात. पण आधी गाळ बसवून घेतल्यावरही माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा लागतो. पाच हजारांच्या वस्तीला अर्धा ते एक हेक्टर. मुंबईत एवढी मोकळी जागा असती तर तिथे एव्हाना टॉवर उभा असता. वाफा करा, पण दोन-तीन हट्टी पाइपांपुरता.

भिंतीला उंबरठा

२००५ नंतर मुंबईच्या नद्या-नाल्यांना दोन्ही बाजूंनी संरक्षक भिंती आल्या. सगळ्या पाडून टाका म्हणणारे मला आवडतात, पण भिंतीला खेटून घरं असतात त्यांनी काय करायचं? जिथे एका बाजूला मोकळी जागा आहे तिथेच भिंत सोडवायची. दुसरी बाजू तशीच राहू द्या.

सिंगापूरला बिशान पार्कमध्ये २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून त्याची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये ते पुरं झालं. त्याचे फोटो प्रत्येक सादरीकरणात असतात. ती बाग ६२ हेक्टरची आहे हे मात्र स्लाइडवर नसतं. आपल्याकडे एक एकर मिळाला तरी पेढे वाटायचे. तिथून दोन गोष्टी जरूर उचला. एक, काठ बांधायच्या पद्धती त्यांनी आधी साठ मीटरच्या तुकड्यावर करून बघितल्या, मग सगळीकडे केल्या. दोन, पाणी चढायला लागलं की भोंगे आणि दिवे लागतात.

आपल्या एका एकरात करायचं ते असं. नाल्याच्या भिंतीत दहा-बारा मीटर रुंदीचा एक उंबरठा पाडायचा, भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली. लेव्हल अशी ठेवायची की रोजच्या पावसाचं पाणी बाहेरूनच निघून जाईल आणि दरवर्षीच्या रेघेला पोचलं की आत यायला लागेल. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला मोठे काळे दगड बसवा, नाहीतर पहिल्याच पुरात पाणी तिथे डोह करील. मैदानाला नाल्याच्या दिशेने हलका उतार, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बाहेर पडायचा पाइप. पाइपाच्या तोंडाला झडप, जी आतून बाहेर उघडते, बाहेरून आत नाही. भरतीचं पाणी तिला दाबून बंद ठेवतं, ओहोटीला ती आपोआप उघडते. मैदान एका दिवसात रिकामं व्हायलाच हवं. डासांची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा, तेव्हा एक दिवस साचलं तर घाबरायचं कारण नाही. पण हे शेजारच्या इमारतीला आधी समजावून सांगा, नंतर नाही.

काठाचा उतार एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं, ठेवता आला तर उत्तम, एकास दोनपेक्षा उभा करू नका. आणि इथे एक गोष्ट माझ्या मुकादमाने मला शिकवली, कॉलेजने नाही. आम्ही सगळे पाणी चढताना काठ बघत होतो. तो म्हणाला, "ताई, आता घरी जा. उतरताना या." पाणी चढलेलं असतं तेव्हा ते काठाला बाहेरून रेटून धरतं. ओहोटीला झपाट्याने उतरलं की आधार जातो, आत मात्र माती ओलीचिंब आणि जड. तेव्हा काठ बसतो. भरतीच्या नाल्यात हे रोज दोनदा होतं. म्हणून पायथ्याला मोठे दगड किंवा जाळीतले दगडी बॉक्स, त्यांच्या मागे माती गाळून पाणी सोडणारं कापड, आणि वर काथ्याची जाळी अंथरून तिच्यातून लागवड. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी काम हातात घेतलेलं असतं.

मातीकाम दिवाळीनंतर सुरू करा आणि जानेवारीत संपवा. लागवड फेब्रुवारीत, टँकरने पाणी घालून. 'पावसाच्या तोंडावर लावू, पाणी वाचेल' हा मोह टाळा. जूनच्या पहिल्या लोंढ्याला महिनाभराचं मूळ टिकत नाही.

माळ्याच्या बाजूने

आता परत त्या सकाळकडे या. दोन माळी, फावडं.

पहिलं, पाणी. बागेच्या वरच्या अंगाला दाबाचा नळ हवा आणि सगळ्या बागेला पुरेल एवढा पाइप. ओला गाळ पाण्याने ढकलला तर तासाचं काम, वाळला तर घणाने फोडावा लागतो. पायवाटांना नाल्याकडे उतार द्या, म्हणजे धुतलेलं आपोआप जाईल. पेवर ब्लॉक खालच्या पट्ट्यात नको. त्यांच्या खालची वाळू वाहून जाते आणि फरशी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी वर-खाली होते. खरबरीत काँक्रीट किंवा दगडी फरशी, सांधे भरलेली. कोटा फरशी गुळगुळीत, तिच्यावर गाळ म्हणजे हाडवैद्याची सोय.

बाकं एकतर जमिनीपासून अखंड भरीव करा, नाहीतर एकाच खांबावर उभी. चार पायांचं बाक म्हणजे कचऱ्याचा सापळा. लाकडी पट्ट्या नकोत. रेलिंगच्या गजांत पिशव्या अडकून त्याची भिंत होते आणि मग पाण्याच्या दाबाने अख्खं रेलिंग आडवं होतं. मी खांब आणि साखळ्या लावते, ३१ मेच्या आत साखळ्या काढून चौकीत ठेवायच्या. नालेसफाईची तारीख तीच असते, लक्षात राहते.

विजेचा पॅनेल २००५ च्या रेघेच्या वर. याबाबत वाद घालायचा नाही. खालच्या पट्ट्यातल्या दिव्यांची लाइन वेगळी, वरून बंद करता येईल अशी. शौचालय आणि मुलांची खेळणी सगळ्यात वरच्या टप्प्यावर. वाळूचा हौद नाल्याकाठी करूच नका, एकदा मैल्याचं पाणी शिरलं की ती वाळू फेकावीच लागते. खालच्या मैदानातून वर जायला दोन बाजूंना दोन वाटा, त्यातली एक व्हीलचेअर जाईल अशा उताराची. पाणी उंबरठ्याला टेकलं की भोंगा. तो परवडत नसेल तर चौकीदार आणि शिट्टी.

साडेतीन मीटर रुंदीचा एक दणकट उतार थेट नाल्यापर्यंत ठेवा. ड्रॉइंगमध्ये तो कुरूप दिसतो आणि म्हणून दर वेळी गाळला जातो. मग गाळ काढायला जेसीबी येतो आणि तुमची लागवड तुडवतच खाली उतरतो. उताराच्या माथ्याशी गाळ निथळायला एक ओटा, तीन बाजूंना गुडघाभर भिंत आणि पाणी परत नाल्यात जाईल अशी मोरी. ओला गाळ ट्रकमध्ये भरला तर रस्ताभर सांडतो आणि लोक शिव्या बागेला देतात. गणपतीत याच ओट्याशेजारी विसर्जनाचा कृत्रिम तलाव ठेवतात, उतार असल्यामुळे मोठ्या मूर्तीही गाडीवरून सरळ येतात. हे आमच्या डोक्यात नव्हतं, मंडळाच्या पोरांनी शोधलं.

माळ्यांना गमबूट आणि हातमोजे बागेच्या खर्चातच धरा. पुराच्या पाण्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू असतात, पायाला साधी चीर असली तरी पुरते. गाळात काम केल्यावर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्यायच्या, ताप यायची वाट बघायची नाही.

काय लावायचं

महापुरात लव्हाळा कसा वाचतो हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, आणि तरी काठावर आपण पाम लावतो. वाकणारं खाली, ताठ उभं राहणारं वर, एवढं धरलं तरी निम्म्या चुका टळतात. पाण्यालगत लव्हाळे. त्याच्या वर वाळ्याच्या आडव्या ओळी, ठोंब वीतभर अंतराने. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, काठ शिवून टाकल्यासारखा होतो. मधल्या टप्प्यात वाळुंज. वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, आणि रंगासाठी ताम्हण, जो मुळात ओढ्याकाठचाच. पाणकणीस अरुंद नाल्यात अजिबात नको, दोन वर्षांत पात्र बुजवतो.

कार्पेट लॉन पहिल्या गाळाखाली सडते. मैदानावर हरळी लावा. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. बोटभर गाळाखालूनही ती आठवडा-दोन आठवड्यांत डोकं काढते, आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटने मेली तरी परत येते.

खारं पाणी येतं तिथे तिवरं लावायचा खटाटोप नको. काठाचा उतार आणि चिखल नीट ठेवा, बिया भरतीबरोबर येतात आणि आपापल्या रुजतात. आधीच उभी असतील तर त्यांना हात लावायचा नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली, भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामही नाही. म्हणजे तिथे बागेचं 'बांधकाम' करायला जाऊ नका. इतर झाडं तोडायची वेळ आली तरी १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

जमीन फारच खराब आहे म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला धारावीशेजारचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवा. मिठीच्या काठावरची ती ३७ एकर जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होती. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज आत शिरलं की पलीकडची वाहतूक ऐकूही येत नाही.

चप्पल

आमच्या बागेचा पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाचा टिपूस नसताना, मैदानात गुडघाभर पाणी. उधाणाची भरती होती आणि ते खारं होतं. चाखून बघितलं नाही, पण आत चार-पाच निवट्या उड्या मारत होत्या, म्हणजे शंकाच नको. ओहोटीला मुकादम पाइपाच्या तोंडाशी उतरला. झडपेच्या फटीत एक रबरी चप्पल अडकली होती, डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची. तेवढ्या दोन बोटांच्या फटीतून अख्खा नाला आत आला होता.

तेव्हापासूनचा नियम असा. कोष्टकात उधाणाचे दिवस आधीच लाल पेनाने गोल करायचे. त्याच्या आदल्या ओहोटीला झडप हाताने उघडून बघायची, बिजागरीला ग्रीस, आणि मागे एक सरकता लोखंडी दरवाजाही ठेवायचा, झडप फसली तर खाली पाडायला. नाल्याच्या वरच्या अंगाला कचऱ्याची जाळी लावली असेल तर ती तिरपी आणि मोकळ्या गजांची हवी, आणि पावसाळ्यात रोज साफ करणारा माणूस नेमलेला हवा. माणूस नसेल तर जाळी लावूच नका, तुंबलेली जाळी म्हणजे धरण.

दुरुस्ती-देखभालीचे पैसे बांधकामाच्या अर्जातच मागा, किमान तीन वर्षांचे. उद्घाटनानंतर कुणी देत नाही.

त्या लोखंडी दरवाजाला चाकाची किल्ली लागते. ती सुरुवातीला एकच होती, ऑफिसच्या कपाटात, आणि ऑफिस उघडायचं दहाला. भरती पहाटे साडेतीनची. आता तीन आहेत. एक चौकीत, एक मुकादमाच्या घरी, आणि एक कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत, साखरेच्या डब्यामागे. टपरी पहाटे चारला उघडते आणि तो चहावाला आतापर्यंत दोनदा स्वतःच जाऊन दरवाजा पाडून आलाय.